दगड आणा, पण चिठ्ठीसकट

वाचकांचे प्रश्न : खडक, माती, पाणी

या महिन्यात टपालाने एक खोकं आलं. बुटांचं जुनं खोकं, सुतळीने बांधलेलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेले सात दगड आणि दहावीतल्या एका मुलाचं पत्र. बाकीची पत्रंही त्याच वळणाची निघाली: शाळा-कॉलेजात असताना भूविज्ञानाच्या प्रयोगशाळेत शिरायचं कसं? मी पुण्यात बत्तीस वर्षं खडकशास्त्र शिकवलं आणि त्यातला निम्मा वेळ तरी दगड कापायच्या खोलीत काढला. म्हणून हा अंक सगळा याच प्रश्नाला दिला आहे.

प्रश्न : आमच्या काकांच्या शेतात विहीर खोदताना पंचवीस फुटांखाली पोकळ दगड निघाले. आत पांढरे आणि हिरवट स्फटिक आहेत. मला ते प्रयोगशाळेत तपासायचे आहेत. पुढे यातच संशोधन करायचं आहे. पण मी दहावीत आहे. मला कोणी आत घेईल का? सोबत दगड पाठवतो आहे, कोणते आहेत ते सांगा. (विद्यार्थी, सिन्नर तालुका)

बाळा, तुझं पत्र वाचायच्या आधीच मी भिंग काढलं. चार दगडांत स्टिलबाइट आहे. फिकट रंग, मोत्यासारखी चमक, आणि गवताची पेंढी मधोमध आवळून बांधावी तसा आकार. दोनांत अपोफिलाइट आहे, ते तुझे हिरवट स्फटिक. त्यांच्या टोकाला पिरॅमिड दिसतो. सातव्यात कॅल्साइट. माझ्या शब्दावर विसंबू नकोस, स्वतः ताडून बघ. कॅल्साइटची चिमूटभर पूड करून तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाक, बारीक बुडबुडे येतील. बाकीच्या दोघांवर येणार नाहीत. चाकूच्या पात्याने कॅल्साइटवर सहज ओरखडा उठतो, अपोफिलाइटवर जोर लावावा लागतो. गारगोटी (क्वार्ट्झ) असेल तर चाकू हरतो, उलट गारगोटीच काचेवर ओरखडा काढते.

हे स्फटिक तिथे आले कसे ते सांगते, कारण तुझं संशोधन त्यातच आहे. सुमारे सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी आपल्याकडे लाव्हाचे थरावर थर साचले. लाव्हा निवताना त्यातले वायूचे बुडबुडे अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे त्या खडकातून गरम पाणी झिरपत राहिलं. वाटेत त्याने सिलिका, चुना, ॲल्युमिनियम विरघळवून घेतलं आणि पोकळीत आणून साचवलं. पाणी जसं बदललं तशी खनिजं बदलली, एकावर एक चढत गेली. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींतलं निळं कॅव्हनसाइट जगभरच्या संग्रहालयांत मांडलेलं आहे, तेही अशाच पोकळ्यांमधलं. तुझ्या सिन्नरमध्येच गारगोटी संग्रहालय आहे. एक सुट्टी तिथे घालव आणि तुझे दगड आठवून बघ.

आता काम. काकांच्या विहिरीच्या मलब्यात असे दगड अजून पडलेले असतील. त्यातले पन्नास गोळा कर. प्रत्येक पोकळीत बघ: खडकाच्या भिंतीला कोणतं खनिज चिकटलंय, त्याच्यावर कोणतं बसलंय, सगळ्यांत शेवटी कोण आलंय. वहीत तीन रकाने आख. पन्नास दगड झाले की क्रम दिसायला लागेल, किंवा क्रम मोडणारे दोन-चार दगड सापडतील आणि तेच जास्त मोलाचे असतील. याला दहापट दाखवणारं भिंग पुरतं. यंत्र लागत नाही.

आणि घाई कर. विहीर बांधून झाली की तो थर कायमचा झाकला जाईल. पुण्या-मुंबईच्या कोणत्याही शास्त्रज्ञाला तो मग दिसणार नाही. तू आज त्याच्यासमोर उभा आहेस. खोदकाम करणाऱ्यांशी बोल. काळा पाषाण कुठे संपला, पोकळ्यांनी भरलेला मांजऱ्या खडक कुठे लागला, गेरूचा तांबडा पट्टा आला का, पाणी कोणत्या फुटाला सुटलं, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते विचारून फुटांच्या आकड्यासकट लिही. विहिरीत मात्र एकट्याने उतरायचं नाही, आणि सुरुंग लावायचे असतील त्या दिवशी तिकडे फिरकायचंसुद्धा नाही. दगड फोडताना डोळ्यांवर चष्मा हवाच.

तुझ्या खोक्यात एक गोष्ट नव्हती. सातही दगडांवर एक अक्षर नाही. कोणता पंचवीस फुटांचा, कोणता तिसाचा? सगळे एकाच विहिरीतले ना? मी एम.एस्सी.ला असताना वरंधा घाटातून चौदा नमुने आणले होते. जून संपत आला होता. कापडी पिशव्या, कागदाच्या चिठ्ठ्या आणि शाईचं पेन. भोरला पोचेपर्यंत पावसाने सगळ्या चिठ्ठ्यांचा लगदा झाला. चौदाही दगड काळे, चौदाही सारखे. पायथ्याचा कोणता आणि माथ्याचा कोणता, मला सांगता येईना. माझ्या सरांनी ते बघितले आणि एक शब्द न बोलता बागेतल्या वाफ्याच्या कडेला लावायला माळ्याकडे दिले. मी खूप रडले. पण सरांचं बरोबर होतं. सह्याद्रीतल्या लाव्हाच्या थरांना नावं आहेत: नेरळ, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. हातात घेतले तर त्यातले कितीतरी एकसारखे दिसतात. फरक कळतो तो रासायनिक तपासणीत. आणि तो आकडा कोणत्या थराचा, हे ठरवायला नमुना किती उंचीवरून उचलला ते माहीत असावं लागतं. उंची हरवली की सर्वांत महागडं यंत्रसुद्धा काही सांगू शकत नाही.

तेव्हा प्रत्येक दगडावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दे, वाळला की त्यावर वॉटरप्रूफ पेनाने क्रमांक घाल. तोच क्रमांक वहीत, पुढे तारीख, जागा, खोली, कोणी काढला. वही पेन्सिलीने लिही, पेन्सिल पावसात ओघळत नाही.

राहिला तुझा मुख्य प्रश्न, आत घेतील का. क्ष-किरणांचं यंत्र, आम्लं, हिऱ्याच्या पात्याची करवत हे दहावीच्या मुलाच्या हातात कोणी देणार नाही आणि देऊही नये. पण सूक्ष्मदर्शकाशेजारी बसवून घेणारे शिक्षक आहेत. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, बऱ्याच संशोधन संस्था लोकांसाठी दारं उघडतात. त्या दिवशी क्रमांक घातलेले पाच दगड आणि वही घेऊन जा. गर्दीत सगळे यंत्रांचे फोटो काढत असतात. वही उघडून प्रश्न विचारणारा मुलगा शास्त्रज्ञाच्या लक्षात राहतो, हे मी टेबलाच्या पलीकडे उभं राहून पाहिलं आहे. राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत दहा ते सतरा वर्षांच्या मुलांनी आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन काम करायचं असतं. तुझी विहीर त्यात चपखल बसते. शिवाय नववी ते बारावीच्या मुलांसाठी भूविज्ञानाचं ऑलिंपियाड आहे. आंतरराष्ट्रीय स्पर्धा २००७ मध्ये दक्षिण कोरियात सुरू झाली, २०१३ मध्ये ती आपल्याकडे म्हैसूरला झाली. आपल्या देशातली निवड जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया करत आली आहे. शाळेत कोणाला माहीत नसेल तर मुख्याध्यापकांना तूच सांग.

तुझं खोकं या आठवड्यात परत पाठवते आहे. आत एक भिंग आणि साठ कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या आहेत. त्या वापरून संपल्या की मला कळव.

प्रश्न : मी नांदेड जिल्ह्यातल्या महाविद्यालयात बी.एस्सी. भूविज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्याकडे तीन जुने सूक्ष्मदर्शक आहेत, त्यातल्या एकाची काच बुरसलेली. थिन सेक्शन बनवायची सोय नाही. मोठ्या शहरांतली मुलं आयआयटीत, हैदराबादला उन्हाळी प्रकल्प करतात. मी सतरा ठिकाणी ई-मेल पाठवले, एकाचंही उत्तर नाही. आम्ही मागेच राहायचं का? (विद्यार्थिनी, नांदेड जिल्हा)

नाही. आणि तुझ्या पत्रातला राग रास्त आहे, तो मी बाजूला सारत नाही. यंत्रं मोजक्या शहरांत साठली आहेत हे खरंच आहे. पण खडकांची वाटणी वेगळी आहे. तुझ्या जिल्ह्यात एक गोष्ट अशी आहे की पुण्यातल्या माझ्या विद्यार्थ्यांना ती बघायला रात्रभर प्रवास करावा लागायचा. पश्चिमेला बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा खडक, आणि पूर्वेला देगलूर-बिलोलीच्या बाजूला त्याच्या खालचा प्राचीन ग्रॅनाइट-नीस खडक उघडा पडलेला. पुण्यात तो पायाखाली फार खोल गाडलेला आहे. तू बसने जाऊन त्याच्यावर हात ठेवू शकतेस.

थिन सेक्शन म्हणजे काय, हे भूविज्ञान न शिकलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दगडाची चकती कापायची, काचेवर कार्बोरंडमची पूड आणि पाणी घेऊन तिची एक बाजू घोटायची, ती बाजू काचपट्टीला चिकटवायची, मग दुसरी बाजू घोटत घोटत दगड ०.०३ मिलिमीटर इतका पातळ करायचा. आमच्या वेळी चिकटवायला कॅनडा बाल्सम तापवत असू, त्याचा राळेसारखा वास अजून नाकात आहे. आता इपॉक्सी वापरतात. इतका पातळ झाला की काळाकभिन्न बेसॉल्टही पारदर्शक होतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात प्लॅजिओक्लेज या खनिजाच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या काड्या आणि ऑगाइट या खनिजाचे रंगीत ठिपके दिसतात. पहिल्यांदा हे बघून गप्प न झालेला विद्यार्थी मला भेटला नाही.

पण तुझ्याकडे ही सोय नाही, तर ग्रॅनाइटचा फायदा घे. त्याचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. ओट्याच्या फरश्या कापणारा कारागीर तुझ्या गावात असेलच. त्याच्याकडून प्रत्येक नमुन्याचा हातभर नाही, वीतभर सपाट काप करून घे आणि एका बाजूला पॉलिश. त्यावर पारदर्शक प्लास्टिकवर छापलेला आलेखाचा कागद ठेव. रेघा जिथे छेदतात त्या प्रत्येक बिंदूखाली कोणतं खनिज आहे ते नोंद: क्वार्ट्झ, गुलाबी फेल्डस्पार, पांढरा फेल्डस्पार, बायोटाइट. एका कापावर पाचशे बिंदू. खनिजाचे बिंदू भागिले एकूण बिंदू, म्हणजे खडकातलं त्या खनिजाचं प्रमाण. ही पद्धत भूविज्ञानात सर्वमान्य आहे, फक्त यंत्राऐवजी तुझे डोळे आणि तुझा वेळ लागतो. दहा जागांचे दहा काप घे. एकाच कापावर आठवड्याने पुन्हा मोज आणि दोन मोजण्यांत किती फरक पडला तेही लिही. आपली चूक किती असू शकते हे स्वतःहून मोजणारी मुलगी मला माझ्या गटात हवी असते.

जोडीला घनताही काढ. दगड हवेत तोल, मग दोऱ्याला टांगून पाण्यात बुडवून तोल. हवेतलं वजन भागिले दोन्ही वजनांतला फरक. ग्रॅनाइट २.६ ते २.७ च्या आसपास येतो, ताजा बेसॉल्ट २.८ ते ३ पर्यंत. आकडा खाली आला तर खडक कुजलेला आहे किंवा त्यात पोकळ्या आहेत. एक गोष्ट मात्र करू नकोस. फेल्डस्पार ओळखायला खडक रंगवायची एक पद्धत पुस्तकात सापडेल, तिला हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते कातडीतून हाडापर्यंत जातं. सोय आणि देखरेख नसताना त्याच्या बाटलीला हातसुद्धा लावायचा नाही.

आता तुझे सतरा ई-मेल. तू नमुना म्हणून एक जोडला आहेस म्हणून बोलते. 'आदरणीय सर/मॅडम, मला संशोधनाची अत्यंत आवड आहे, आपल्या नामांकित संस्थेत संधी द्यावी.' हे पत्र कोणीही कोणालाही पाठवू शकतो. माझ्याकडे वर्षाला अशी शेकडो यायची आणि खरं सांगते, सगळ्यांना उत्तर देणं मला जमलं नाही. त्यांतल्या कोणाकोणाची वाट मी नकळत अडवली असेल ही बोच आहे. एकाच व्यक्तीला लिही, तिचा एक तरी शोधनिबंध वाचून लिही, आणि तुझ्या हातात काय आहे ते सांग. असं काहीसं:

'देगलूर तालुक्यातल्या दहा ठिकाणांहून मी ग्रॅनाइटचे नमुने घेतले आहेत. जागांचे अक्षांश-रेखांश आणि फोटो सोबत आहेत. कापांवर पाचशे बिंदू मोजून खनिजांचं प्रमाण काढलं आहे. त्यांतल्या तीन ठिकाणी गुलाबी फेल्डस्पार एकदम कमी होतो, कारण मला कळलेलं नाही. आपण अशाच खडकांवर काम करता हे वाचलं. या तीन नमुन्यांचे थिन सेक्शन तयार करून ते आपल्या देखरेखीखाली बघता येतील का? मे आणि जून हे दोन महिने मी मोकळी आहे. राहण्याची सोय मी बघेन.'

दहा-बारा ओळी, एक तक्ता, एक नकाशा. दोन आठवडे थांबून एकदाच आठवण कर. सुरुवात लांबून करू नकोस. नांदेडलाच स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूविज्ञानाचा विभाग आहे, आधी तिथे वही घेऊन प्रत्यक्ष जा.

पुढचा रस्ता राष्ट्रीय पातळीवरचा. बंगळूर, दिल्ली आणि प्रयागराज इथल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. साधारण दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, आणि विद्यावेतन मिळतं. भूविज्ञान त्यांच्या विषयांत आहे. जाहिरात पावसाळा सरताना येते आणि मुदत बहुतेक वेळा नोव्हेंबरात संपते. आपली मुलं मार्चमध्ये जागी होतात तेव्हा यादी लागून गेलेली असते. त्यात काय करायचं आहे यावर थोडं लिहून द्यावं लागतं आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. म्हणून दिवाळीच्या सुट्टीच्या आधी तुझे दहा काप मोजून झालेले हवेत. हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था, डेहराडूनची वाडिया संस्था, अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा, लखनौची बिरबल साहनी संस्था, गोव्यात दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचं ध्रुवीय संशोधन केंद्र, या ठिकाणी कोण कशावर काम करतं ते महिनाभर बसून वाच.

बारावीत बोर्डाच्या वरच्या एक टक्क्यात असशील तर इन्स्पायर शिष्यवृत्तीसाठी अर्ज केला होतास का? वर्षाला ८०,००० रुपयांपैकी २०,००० खास उन्हाळी प्रकल्पासाठी असतात. भूविज्ञान त्यात धरतात, हे कित्येक महाविद्यालयांच्या कार्यालयात ठाऊक नसतं आणि मुलींचे पैसे बुडतात. याचा मला फार त्रास होतो.

बुरसलेल्या भिंगाबद्दल: ते तुम्ही स्वतः उघडू नका. उरलेले दोन सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या पेटीत ठेवा.

प्रश्न : एका संस्थेने १८,००० रुपये भरून 'ऑनलाइन रिसर्च इंटर्नशिप' देऊ केली आहे. सहा आठवड्यांत प्रमाणपत्र आणि शोधनिबंधावर नाव. परदेशी प्रवेशाला उपयोग होईल म्हणतात. भरू का? (बारावी, ठाणे)

भरू नकोस. जे काम तू केलं नाहीस त्यावर तुझं नाव असणं म्हणजे खोटं बोलणं आहे, मग कागद कितीही गुळगुळीत असो. ते पैसे घरात ठेव. हजार-दीड हजारात चांगलं भिंग, होकायंत्र आणि दोन वह्या येतील, आणि कल्याणहून लोकलने कसारा किंवा कर्जत गाठलंस तर समोर लाव्हाचे थर उभे असतात. दार चांगलं की खोटं हे ओळखायची माझी पद्धत अशी: खरा मार्गदर्शक आधी विचारतो, तू काय पाहिलंस? तो पैशाचं शेवटीसुद्धा विचारत नाही.

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत आहे. तिने भूविज्ञान विषय घेतला आणि आता त्यातच पुढे जायचं म्हणते. उन्हात डोंगर हिंडायचे, दगड फोडायचे, परक्या गावी मुक्काम. नोकरी तरी मिळेल का? आम्ही शेतकरी माणसं, तिला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायला धीर होत नाही. (एक आई, कराडजवळचं गाव)

ताई, तुमच्या काळजीत माझी आई बोलली. तिनेही हेच विचारलं होतं.

आधी नोकरीचं. एम.एस्सी. झाल्यावर केंद्रीय लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांची परीक्षा देता येते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात नेमणुका होतात. राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे, खाणकाम, धरणं, बोगदे आहेत. आयआयटींमध्ये एम.एस्सी.ला जायचं तर 'जॅम' ही प्रवेशपरीक्षा, तिच्यात भूविज्ञानाचा स्वतंत्र पेपर असतो. जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी, हे लपवत नाही.

हिंडण्याबद्दल. १९८३ साली तिसऱ्या भारतीय मोहिमेबरोबर दोन भारतीय स्त्रिया अंटार्क्टिकाला गेल्या. एक भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता, दुसऱ्या आपल्या नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत. चाळीस वर्षं झाली त्याला. क्षेत्रकाम आम्ही गटाने करतो, गावात आधी कळवून करतो, अंधाराआधी परततो. शिक्षकांना मुक्कामाची जागा आणि सोबतीची नावं विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे, विचाराच.

आणि एक तुमच्या दाराशी आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तुमच्या सासूबाईंना आठवत असेल. धरणाचा जलाशय आणि त्या भागातले भूकंप यांचा संबंध समजून घ्यायला तिथे खोल वेधनछिद्रं घेतली गेली, गोठणे गावचं तर ३ किलोमीटर खोल आहे. साधारण एक किलोमीटरचा बेसॉल्ट संपला की खाली ग्रॅनाइट-नीस लागतो, तोच जो नांदेडच्या मुलीला उघड्यावर दिसतो. हे काम चालवणारी केंद्राची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला आहे. तुमच्या गावाहून दूर नाही. शाळेच्या पत्रासह भेटीची परवानगी मागा आणि मुलीबरोबर तुम्हीही जा. शेतकऱ्याला जमिनीखाली काय आहे याचं कुतूहल असतंच. परतताना तुमचा हो-नाहीचा प्रश्न तिच्याशी बोला, मला वाटतं तुम्हाला धीर येईल.

प्रश्न : मी भौतिकशास्त्राच्या बी.एस्सी.ला आहे, भूविज्ञान कधीच शिकलो नाही. मला या क्षेत्रात काही करता येईल? (अलिबाग)

अलिबागहून हा प्रश्न यावा याचा मला आनंद झाला. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा होती. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर उपकरणांत गोंधळ होईल म्हणून १९०४ मध्ये ती तुझ्या गावी हलवली. तिचं आजचं घर म्हणजे भारतीय भूचुंबकत्व संस्था, मुख्यालय पनवेलला. लाव्हा निवताना त्यातल्या मॅग्नेटाइट या लोहखनिजाच्या कणांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कोरली जाते, साधारण ५८० अंश सेल्सिअसच्या खाली. दख्खनच्या खडकांत ती दिशा मोजल्यावर दिसलं की हा लाव्हा वाहिला तेव्हा आपली भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. १९५० च्या दशकातल्या या मोजण्यांनी खंडं सरकतात या म्हणण्याला मोठा आधार दिला.

तुला खनिजं ओळखता आली नाहीत तरी चालेल, सदिश आणि त्रुटींचं गणित पक्कं हवं, थोडं प्रोग्रॅमिंग हवं. आणि चिठ्ठी इथेही हवी, किंबहुना जास्तच: नमुना डोंगरातून सोडवण्याआधी त्यावर उत्तर दिशा आणि 'वरची बाजू' यांच्या खुणा करायच्या. त्या राहिल्या तर दगडात कोरलेली दिशा कोणालाच वाचता येत नाही.

प्रश्न : मी रत्नागिरी तालुक्यात माध्यमिक शिक्षक आहे. नववीच्या मुलांसाठी वाळूवर वर्षभराचा प्रकल्प करायचा आहे. खर्च जवळजवळ शून्य हवा. (शिक्षक)

सर, तुमच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे, त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही काळी खनिजं असतात. दोन कामं सुचवते.

पहिलं, किनारा मोजणं. दीड-दीड मीटरच्या दोन सरळ काठ्या घ्या, त्यांवर वरच्या टोकापासून खाली मोजत सेंटिमीटरच्या खुणा करा. दोन मुलं दोन मीटर अंतरावर काठ्या उभ्या धरतील. वरच्या बाजूचा मुलगा समोरच्या काठीच्या टोकावरून क्षितिजाची रेघ बघेल आणि ती आपल्या काठीवर कोणत्या खुणेला येते ते सांगेल. तो आकडा म्हणजे दोन मीटरांतला उतार. असं करत माडांपासून पाण्यापर्यंत जायचं. दर महिन्याला, त्याच जागेपासून, ओहोटीच्या वेळी. सुरुवातीची खूण हलणार नाही अशी निवडा, देवळाचा चौथरा किंवा धक्क्याची पायरी. पावसाळ्याआधीचा आणि नंतरचा आलेख एकावर एक ठेवला की समुद्राने किती वाळू नेली आणि किती परत आणली, ते मुलांना दिसेल. जून ते ऑगस्ट मात्र मुलांना पाण्याच्या कडेला नेऊ नका, ते महिने मोकळे राहू देत.

दुसरं, त्याच रेघेवरच्या तीन जागांची मूठ-मूठ वाळू. गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा, वेगवेगळ्या जाळीच्या चाळण्यांनी चाळा आणि प्रत्येक भाग तोला. सोनाराकडचा छोटा वजनकाटा चालतो. मग लोहचुंबक पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवा. पिशवी उलटी केली की चिकटलेले कण सहज सुटतात. साध्या चुंबकाला मॅग्नेटाइट येतं, इल्मेनाइट बहुतेक मागे राहतं, त्याला फार जोरदार चुंबक लागतो. मुलं म्हणतील, काळं ते सगळं लोखंड. त्यांना लगेच खोडू नका, मागे उरलेले काळे कण भिंगाखाली बघू द्या.

वाळू औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत भरा. प्रत्येक बाटलीत एक चिठ्ठी आत आणि एक बाहेर, पेन्सिलीने: तारीख, ओहोटीची वेळ, देवळाच्या चौथऱ्यापासून किती मीटर. खारट दमट हवेत बाहेरची चिठ्ठी पहिल्या पावसाळ्यातच गळते. आतली राहते.